ण

प्रश्न चौदावा: तुम्हाला ताण जाणवतो का?
पुढे दोन चौकोन. हो. नाही.

विडी घरकुलातला दवाखाना, वर पत्रा,
पत्र्यावर एप्रिल.
समोर पोशव्वा गड्डम, मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, हातात कात्री,
आणि कात्री काही थांबत नव्हती.
ती म्हणाली, तान? नाही साहेब.
आत्ताच प्यायले की, तुमच्याच माठातलं.

मी हसलो नाही.
म्हटलं, तान नव्हे हो. ताण.
ण. बाणातला ण.
जीभ मागे वळवायची, टाळूला टेकवायची, मग सोडायची.
आणि तोंड उघडून दाखवलं,
दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं.
तिने प्रयत्न केला. तान.
पुन्हा केला. ताऽन.
रांगेतल्या तिघीचौघी आपापल्या तोंडात
हळूच करून बघायला लागल्या.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं
की न म्हणताना जीभ दातांमागे आडवी होते,
दुपारी उंबऱ्यात पडावं तशी.
आणि ण म्हणायचा तर तिला उचलावं लागतं,
मागे ओढून धरावं लागतं.
शब्द म्हणायलाच थोडा ताण लागतो.
कुठलाही शब्द ण ने सुरू होत नाही,
हे शाळेत पाठ केलं होतं.
तो येतो शेवटी,
ओढून ओढून झाल्यावर.

पोशव्वा म्हणाली, मग ताना म्हणताय का?
तो घरी आहे. मालकाच्या मागावर.
आणि कात्री पहिल्यांदा खाली ठेवून
दोन्ही हातांनी हवेत उभे धागे धरले:
हे बघा, सैल पडला की चादरीत झोल येतो,
मालक पैसे कापतो.
जास्त ओढला की तुटतो,
मग रात्री दोनला उठून गाठी मारा, दिव्याखाली.
बरोबर किती, ते बोटाला कळतं.
माझ्या सासऱ्याच्या बोटाला कळायचं.
ह्यांच्या नाही कळत अजून.

मी पेन उचललं. हे कुठे लिहायचं?

शेवटी विचारलं, बरं, दुखतं कुठे?
तिने मानेपासून कोपरापर्यंत एक रेघ ओढली
आणि मराठी सोडली:
नरालु गुंजुतुन्नय.
मला वाटलं, शिरा गुंजताहेत म्हणते,
मागचा खडखडाट अंगात उतरावा तशा.
शेजारची बाई म्हणाली, गुंजणं म्हणजे ओढणं हो.
आमच्यात ओढतं त्याला गुंजतं म्हणतात.
मी म्हटलं, दोन्ही लिहितो.

आतून डॉक्टर हत्तुरे ओरडले,
एकच खूण करा, रांग बघा!
मी हो वर खूण केली.
समासात लिहिलं: पाणी पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
संध्याकाळी कागद चाळताना त्यांनी विचारलं,
ह्याचा इथे काय संबंध?
मला सांगता आलं नाही.
त्या रात्री आमच्याही नळाला पाणी होतं.
बादल्या भरत अंधारात उभा राहून
मी आळीपाळीने म्हणून बघत होतो,
तान, ताण, तान,
जीभ निजते, उठते, निजते.
बायको म्हणाली, काय पुटपुटताय? पाणी सांडतंय.

पुढच्या बुधवारी पोशव्वा गोळ्यांना आली.
चिठ्ठी घेतली, पदरात बांधली.
दारापर्यंत जाऊन परत वळली:
तुमचा तो शब्द हो, साहेब.
मला नाही जमत.
माझ्या पोरीला येतो.
अगदी साफ येतो.
आठवीत आहे.